उनरूबाईंची हिरवी पिकअप

जाहिरात आधी मला दिसली, माझ्या नवऱ्याला, एल्डनला नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून तिथूनच सांगते.

मंगळवारची सकाळ होती. एल्डन झोपला होता. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तो सात वाजेपर्यंत झोपायला शिकलाय. एरवी चाळीस वर्षं या माणसाने सूर्याच्या आधी उठून दार आपटलेलं आहे. मी कॉफी घेऊन टेबलाशी बसले, फोनवर वाऱ्यापावसाचं बघितलं आणि सवयीने जुन्या गाड्यांचं पान उघडलं.

ही सवय खरं तर त्याची. पण फोन हातात धरायला त्याला आवडत नाही, म्हणून रोज जेवणानंतर मी वाचून दाखवायची. नेब्रास्कात एक छपन्न सालची आहे, इंजिन बंद. टेक्ससमध्ये एक, रंग नवा, गादी फाटलेली. ओक्लाहोमात एकाच माणसाकडे सहा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "रंग नवा म्हणजे खाली गंज." घ्यायचं काही नसायचं. रेडिओवर गव्हाचे भाव ऐकावेत तसं ऐकायचा.

त्या सकाळी पहिल्याच फोटोत मला एक शेड दिसली. लाल दार, एक फळी निखळलेली, बाजूला पात्या नसलेली पवनचक्की. त्या अंगणात मी इतक्या वेळा उभी राहिलेय की गाडीकडे बघायची गरजच नव्हती. तरी बघितली. पन्नास सालची शेवरोले पिकअप, गडद हिरवी, मागच्या दोन्ही कोपऱ्यांतही काचा असलेली. आमच्याकडे तिला पाच खिडक्यांची म्हणतात. खाली लिहिलं होतं, आजोबांची गाडी, शेडमध्येच ठेवलेली, आजी शहरात राहायला चाललीय.

व्हेल्मा उनरूंची गाडी. आमच्या घरापासून नऊ मैल.

एल्डनने गव्हाची शेती केली, पण जीव त्याचा जुन्या पिकअप गाड्यांत. पेरणी आणि कापणीच्या मधल्या दिवसांत तो त्या शोधत फिरायचा. टपालवाल्याला विचारायचा, लिलावांना जायचा, मयतीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं तिथे म्हाताऱ्यांच्या शेजारी ताट घेऊन बसायचा. कच्च्या रस्त्याने जाताना गोठ्यांच्या मागे बघत जायचा. मग दार वाजवायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि गाडीचा विषय घरच्या माणसाने काढेपर्यंत आपण काढायचा नाही. एक गाडी हाती लागायला कधी कधी तीन वर्षं जायची. आणली की शेडमध्ये वर्षभर तिच्यावर खपायचा, मग कुणाला तरी देऊन टाकायचा आणि पुन्हा शोधायला लागायचा. आणि आता माझ्या अंगठ्याखाली एका सकाळी चारशे गाड्या येतात.

उनरूबाईंकडे तो पहिल्यांदा गेला त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्यांचे यजमान हॅरल्ड जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाईंनी कॉफी दिली, गाडी दाखवली आणि नको म्हणाल्या. पुढच्या नोव्हेंबरात, गहू पेरून झाल्यावर, तो पुन्हा गेला. मी बरोबर चेरीचा पाय करून दिला होता, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. त्यानंतर दर नोव्हेंबरात हेच. पाय, कॉफी, दोन तास गप्पा, शेडमध्ये एक फेरी. निघताना दारात टोपी हातात घेऊन तो एकदाच विचारायचा, आणि त्या म्हणायच्या, "या वर्षी नको, एल्डन." पुष्कळदा मीही बरोबर असायची.

ऑपरेशननंतर विचिटाच्या हॉस्पिटलात मी त्याच्याकडून वचन घेतलं होतं. यापुढे पिकअप आणायची नाही. तो म्हणाला, "कबूल. उनरूबाईंची सोडून." मला हसू आलं. त्या कुठल्या देतायत, असं वाटून मीही कबूल झाले.

तर ती जाहिरात माझ्या हातात होती, आणि मी त्याला उठवलं नाही.

कारण सांगायचं तर सांगता येईल. शेडमध्ये दोन गाड्या अर्धवट उघडून पडल्या होत्या. तीस पौंडांच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याच शेडमध्ये, जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेला, राखेच्या रंगाचा झालेला एल्डन मी पाहिला होता. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. मी ठरवून लपवलं असं नाही. न्याहारी झाली की सांगू म्हटलं. मग त्याच्या गोळ्या झाल्या की सांगू. मग तो टोमॅटोंना पाणी घालायला गेला, इतका खुशीत होता की म्हटलं, दुपारी. चार वाजता मी फोन पुन्हा उघडला, तर त्या फोटोवर लाल पट्टी आली होती. विकली गेली.

त्या संध्याकाळी मी राजमा-खिम्याची घट्ट चिली केली होती आणि सोबत दालचिनीचे रोल. सहा वाजता आम्ही जेवायला बसलो. त्याने रोल मोडून चिलीत बुडवला तेव्हा मी म्हटलं, "एल्डन, उनरूबाईंनी गाडी विकायला काढली होती."

"काढली होती?" तो त्या 'होती'वरच थांबला.

"गेली. दुपारी. फोनवर जाहिरात होती."

"तुला कधी दिसली?"

"सकाळी."

त्याने बाऊल संपवला, उठून धुतला आणि पालथा घातला. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर ओसरीवर जाऊन बसला, आणि मी आत, हात धुऊन झाले तरी नळाखाली धरून उभी राहिले.

सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "चल, उनरूबाईंकडे जाऊन येऊ. सामान हलवायचं असेल त्यांना." मी गाडी काढली. नऊ मैलांत आम्ही बोललो ते एवढंच.

"तू घाबरली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू घेतलीच असतीस."

"घेतलीच असती," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माफ केलं असं त्याने म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

उनरूबाई एकोणनव्वद वर्षांच्या. अंगणभर खोकी, आणि त्या ओसरीवरच्या खुर्चीत बसून नातीला हुकूम सोडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या गाडीचा आवाज ओळखला मी. म्हटलं, आता हा विचारणार."

"विचारायला नाही आलो, उनरूबाई. खोकी उचलायला आलोय."

"तुला उचलायची मनाई आहे. माझ्या कानावर येतं सगळं. बस."

तो बसला. नातीने कॉफी आणली. मी चेरीचा पाय आणला नव्हता, हात रिकामे वाटत होते. उनरूबाई कपाकडे बघत म्हणाल्या, "मी तुला फोन करायला हवा होता. दोनदा उचललाही. पण खरं सांगू का, पोरा? पहिली दहा वर्षं मी नको म्हटलं, कारण ती हॅरल्डची होती. त्यानंतर म्हटलं, कारण एकदा दिली की तू यायचा बंद होशील."

एल्डनने कप खाली ठेवला.

"पोरं लांब गेली. पास्टर बदलले चार. नोव्हेंबरात दारात कोण येतं माझ्या? तू. आणि तू येतोस कशासाठी, ते मला ठाऊक. मग मी गाडी कशी देणार?"

"पण आता तर देताय," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"आता मीच चाललेय. पण हा समोर बसला ना, जोनेल, की माझ्या तोंडून 'या वर्षी नको'च येतं. इतक्या वर्षांची सवय झालीय जिभेला. म्हटलं, हा आला तर मी पुन्हा नको म्हणेन आणि गाडी शेडमध्येच कुजेल. म्हणून पोरीला म्हटलं, टाक तुझ्या फोनवर. अनोळखी माणसाला हो म्हणणं सोपं."

मग मीही माझं सांगितलं. सकाळी सातच्या आधी दिसली, चारपर्यंत गप्प बसले. उनरूबाईंनी मान हलवली. तू सांगितलं असतंस तर हा आला असता, मी नको म्हटलं असतं आणि तेवढ्यावरच राहिलं असतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. त्या चांगल्या मनाने बोलल्या, पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. त्यांचं ते त्यांचं, माझं ते माझं.

एल्डन इतकंच म्हणाला, "कॉफी मला तुमची आवडते, उनरूबाई. गाडी नसती तरी आलो असतो." मग जरा थांबून, खरं बोलायची सवय म्हणून, "पहिल्या वर्षी नसतो आलो. नंतर आलो असतो."

त्या हसल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गाडी अजून पक्की गेली नव्हती. घेणारा ओहायोचा, टोबायस ग्रेव्ह्ज नावाचा, शाळेत सुतारकाम शिकवणारा माणूस. त्याने इसार पाठवला होता, पण अट घातली होती की तिथल्या कुणी जाणत्या माणसाने गाडी बघावी आणि खरं काय ते फोनवर सांगावं. त्याने आमच्या गावातल्या पेट्रोल पंपावर फोन करून विचारलं होतं, आणि त्यांनी नाव दिलं एल्डनचं. उनरूबाईंना ते सांगताना संकोच होत होता. तू नको म्हणालास तर मी समजून घेईन, म्हणाल्या. एल्डनने टोपी घातली आणि शेडकडे निघाला.

तो चाकांच्या फळीवर उताणा होऊन गाडीखाली सरकला. मी टॉर्च धरून गुडघ्यांवर बसले. एकोणतीस वर्षांत त्याने तिला खालून कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीखाली आपण होऊन शिरायचं नाही, हा त्याचा नियम. तो चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, बोटाच्या पेराने ठोकत जात होता आणि आवाज ऐकत होता. खणखणीत आवाज येत होता. गंज नव्हता, हे मलाही कळत होतं.

तेव्हा मी ते म्हटलं. खाली वाकून, हळूच. "चेसी गंजलीय म्हणून सांग. तो येणार नाही. मग तू घे. माझी ना नाही, एल्डन. शेडमधल्या दोन्ही काढून टाकू आणि ही घे."

ठोकणं थांबलं. वरून एक चिमणी उडाली. मला वाटलं, त्याने ऐकलं नसावं.

"टॉर्च जरा डावीकडे," तो म्हणाला.

मी धरला. त्याने ब्रेकच्या नळ्या बघितल्या, पुढचे स्प्रिंग बघितले. मग बाहेर सरकून उठून बसला, श्वास लागला होता, आणि रुमालाने हात पुसत म्हणाला, "अशी घेतली तर बसू कसा मी तिच्यात?"

एवढंच. रागाने नाही. मी त्याला हात देऊन उभं केलं.

फोन मी लावून दिला. त्याने ग्रेव्ह्जला सगळं सांगितलं. चेसी चांगली आहे, लोक शोधत फिरतात तशी. चालकाच्या पायाखाली तळहाताएवढं भोक आहे, त्यावर हॅरल्डने बीअरचा डबा कापून ठोकलाय. ब्रेक पूर्ण नवे लागतील. इंजिन फिरतंय, पण किती दिवसांत सुरू केलं नाही ते विचारू नकोस. आणि चालवत ओहायोला न्यायचा विचार असेल तर सोड, ट्रेलर घेऊन ये. पलीकडून तो माणूस बराच वेळ प्रश्न विचारत राहिला, आणि एल्डन, जो फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, तो शेडच्या दारात उभा राहून पाऊण तास बोलला.

शनिवारी ग्रेव्ह्ज आला. पस्तिशीचा, उंच, सुताराचे हात. गाडीपाशी आल्यावर त्याने आधी दोन्ही हात खिशात घातले, न विचारता हात लावायचा नाही म्हणून. एल्डनला ते आवडलं, मला दिसलं. मग गप्पांत त्याने भोळेपणाने सांगितलं की कोचावर पडून मॅच बघताना, मधल्या जाहिरातींच्या वेळात, त्याला ही गाडी सापडली. अकरा मिनिटं लागली असतील.

"मला एकोणतीस वर्षं," एल्डन म्हणाला.

ग्रेव्ह्जला आधी कळलं नाही. उनरूबाईंच्या नातीने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. तो एल्डनकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला हवी असेल तर मी परत जातो. इसाराचं काही नाही."

हो म्हण, असं मी मनात म्हणत होते, आणि म्हणू नकोस असंही. एल्डनने बॉनेटवर हात ठेवला. "तू एवढ्या लांबून आलास," तो म्हणाला. "आणि मला दोन हजार पंधरा सालापासून ब्रेकचे ड्रम उचलवत नाहीत, बायकोला माहीत नाही. तू ने. पण नीट शिकून ने."

मला माहीत नव्हतं ते, हे खरं.

दोन दिवस तो माणूस आमच्याकडे राहिला. दिवसा उनरूबाईंच्या शेडमध्ये एल्डन पालथ्या बादलीवर बसून सांगायचा आणि ग्रेव्ह्ज करायचा. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे असते, ती काढून धुतली. बॅटरी नवी आणली. ही गाडी किल्लीने सुरू होत नाही, पायाने खालचा खटका दाबावा लागतो आणि त्याच पावलाच्या टाचेने ॲक्सिलरेटर सांभाळावा लागतो. ग्रेव्ह्जने सोळा वेळा दाबला. एल्डन दर वेळी म्हणायचा, "तिला घाई नाहीये, तुलाच आहे." सतराव्या वेळी इंजिन खोकलं, निळा धूर सोडला आणि चालू झालं. उनरूबाई ओसरीवरून काठी टेकत उठल्या.

ग्रेव्ह्ज खाली उतरला, दार उघडं धरलं आणि एल्डनला आणि उनरूबाईंना म्हणाला, आधी तुम्ही दोघं एक चक्कर मारून या. ब्रेक जेमतेम धरतायत तेव्हा हळू जा, हे एल्डनला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. आम्ही तिघांनी मिळून उनरूबाईंना वर बसवलं. आमच्याकडे शेतांच्या कडेने रस्ते मैलामैलाचे चौकोन करून जातात. एक चौकोन चार मैलांचा. मी अंगणातून त्यांची धूळ बघत होते. पूर्वेला गेली, मग दक्षिणेला, मग मक्याच्या कणसांच्या मागे दिसेनाशी झाली.

चार मैलांना त्यांना चाळीस मिनिटं लागली. ग्रेव्ह्ज दोनदा ट्रेलरपर्यंत जाऊन परत आला, मी त्याला लिंबू सरबत दिलं. ते परत आले तेव्हा खिडक्या सगळ्या खाली होत्या, आणि उनरूबाईंच्या डोक्यावर एल्डनची टोपी होती. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीही मला आजवर सांगितलेलं नाही.

सोमवारी गाडी गेली. ट्रेलरला साखळ्या बांधताना एल्डनने प्रत्येक साखळी स्वतः ओढून बघितली. ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाला तशी उनरूबाई म्हणाल्या, "शेड आता मोठी दिसतेय," आणि आत गेल्या. घरी आल्यावर एल्डन अर्धा दिवस झोपला. मी दोनदा जाऊन त्याचा श्वास बघून आले.

मला वाटलं होतं, त्याने आता हाय खाल्ली. तसं झालं नाही. ग्रेव्ह्जने आपल्या ओळखीच्या कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला. हिवाळ्यात ओरेगॉनहून एका बाईंचा फोन आला. त्यांना आमच्याकडच्या सलायना गावाजवळची एक गाडी फोनवर आवडली होती, पण फोटोवर विश्वास ठेवावा की नाही ते कळत नव्हतं. कुणी जाऊन बघेल का? आम्ही गेलो. मी गाडी चालवते, टॉर्च धरते, तो खाली सरकून ठोकतो. त्या गाडीची चेसी अक्षरशः भाकरीसारखी तुटली. बाईंना तसं सांगितलं, विकणारा तोंड वाकडं करून आत गेला. आतापर्यंत अशा चौदा बघून झाल्यात. त्याला काही उचलावं लागत नाही, आणि मला घरात बसून काळजी करावी लागत नाही, शेजारी बसून करता येते.

शेडमधल्या दोन अर्धवट गाड्यांपैकी एक ग्रेव्ह्जनेच येऊन नेली. दुसरी अजून आहे. तिच्यात मांजर व्यालंय.

उनरूबाई आता विचिटाला मुलीजवळ असतात, तिसऱ्या मजल्यावर. नोव्हेंबरात गहू पेरून झाला तसे आम्ही चेरीचा पाय घेऊन गेलो. खिडकीतून पार्किंग दिसतं, त्यांना ते आवडत नाही. एल्डन कोचाच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर, आणि दोन तासांनी निघायची वेळ आली तसा दारात जाऊन घुटमळला. इतक्या वर्षांत त्या दारातल्या क्षणाला तो काहीतरी विचारत आला होता, आणि आता विचारायला काही नव्हतं. शेवटी उनरूबाईच म्हणाल्या, "पुढच्या नोव्हेंबरापर्यंत थांबू नकोस. माझं वय बघ. ठिपक्यांच्या सोंगट्यांचे डॉमिनोज खेळता येतात का तुला?"

येत नव्हते. आता महिन्यातून एकदा, गुरुवारी, तो जातो. गेल्या खेपेला माझा घसा धरला होता म्हणून एकटाच गेला, निघतोय हे उनरूबाईंना कळवायला मला फोन लावून द्यायलाही सांगितलं नाही, स्वतःच लावला. संध्याकाळी परतला तो दारातूनच सांगत आला की ती म्हातारी लबाडी करते, सोंगट्या बाहीत लपवते, मुलगी सामील आहे. सलग पाच डाव हरून आला होता. जेवताना त्याने सगळेच्या सगळे डाव मला परत सांगितले.